सातव्या प्रश्नाचं उत्तर

"प्रश्न सातवा," मी वाचलं. "हृदयाचा काही आजार आहे किंवा पूर्वी होता का? त्यासाठी औषधं चालू आहेत का?"

हमीदभाईंनी आधी फॉर्मकडे पाहिलं, मग माझ्या पेनाकडे.

"नाय," ते म्हणाले.

"हमीदभाई, अहो…"

"नाय म्हटलं ना, बाय. तू लिही."

दाराबाहेर वीस-पंचवीस माणसं ओळीने उभी होती. आचारी, भांडी घासणारे, डबे भरणारे, गाड्या चालवणारे. त्या आठवड्यात मला सगळ्यांचे फॉर्म भरून संपवायचे होते. मी उठले आणि दार लोटून घेतलं.

हे आखातातल्या ज्या देशात घडलं त्याचं नाव सांगत नाही. माझ्या ओळखीची माणसं अजून तिथे आहेत. मी मूळची देवरुखची, नर्सिंग मिरजेला केलेलं. तिथे एका मोठ्या खानपान कंपनीत नर्स होते. शाळा, ऑफिसं, बांधकामाच्या जागा, सगळीकडे आमच्या स्वयंपाकघरातून जेवण जायचं. आवारातच दोन खोल्यांचा दवाखाना होता. भाजलं, कापलं, ताप आला की माणसं माझ्याकडे यायची. त्याहून मोठं काही निघालं की मी त्यांना सरकारी दवाखान्यात पाठवायचे. तिथे परदेशी माणसालाही अगदी थोड्या पैशांत डॉक्टर आणि औषधं मिळत.

ते त्या वर्षी बंद होणार होतं. नवा कायदा आला होता. सरकारी दवाखाने यापुढे तिथल्या नागरिकांसाठी, आणि परदेशी कामगारांचा विमा मालकाने काढायचा. उपचार खाजगी इस्पितळात. कायदा वाईट होता असं मी म्हणणार नाही. ज्या छोट्या कंपन्या आपल्या माणसांना आजारी पडल्यावर वाऱ्यावर सोडत होत्या, त्यांनाही आता विमा काढावा लागला. पण विम्यासाठी प्रत्येकाचा बारा प्रश्नांचा फॉर्म होता, आणि त्याच्या तळाशी कामगाराच्या सहीशेजारी माझी सही.

फॉर्म वाटायच्या आधी एचआरच्या थॉमस सरांनी मला बोलावून घेतलं होतं. थॉमस सर कोट्टयमचे, मितभाषी, स्वच्छ कामाचे. ते म्हणाले होते, "सिस्टर, जे असेल ते लिहा. फक्त एवढं लक्षात ठेवा, ज्यांच्या फॉर्मवर 'हो' असेल त्यांचा विमा महाग पडतो. त्यांचा करार पुढे चालवायचा की नाही हे मग वरचे लोक बघतात." आमच्या दुसऱ्या शाखेत तिघांनी 'हो' लिहिलं होतं. तिघेही महिन्याभरात घरी गेले. ही बातमी थॉमस सरांच्या आधीच सगळ्या आवारात पोचली होती.

आणि हमीदभाईंच्या छातीत स्टेंट होता. मला ते पक्कं ठाऊक होतं.

हमीद मुकादम म्हसळ्याकडचे. कोकणी मुसलमान, घरची भाषा आपलीच. वय अठ्ठावन्न, त्यातली एकतीस वर्षं त्या एका कंपनीत. ते भाताचे मास्तर होते. तिथे 'मचबूस' म्हणून मांस घालून मसाल्याचा भात करतात, आपल्या बिर्याणीच्या चुलतभावासारखा. हमीदभाई तो रोज चार हजार माणसांचा करायचे. कंपनीचे मालक स्वतः तिथलेच, पण घरी पाहुणे असले की आईच्या हातचा सोडून हमीदभाईंचा मचबूस मागवायचे. मी नोकरीला लागले त्या पहिल्या आठवड्यात, मला मराठी बोलताना ऐकून ते हातातला झारा तसाच धरून दवाखान्यात आले होते. "कुठली गो तू, बाय?" तेव्हापासून मी त्यांची 'बाय' झाले होते.

या फॉर्मच्या पाच महिने आधी ते रजेवर गावी गेले आणि छातीत दुखू लागलं म्हणून मुंबईच्या इस्पितळात त्यांना स्टेंट घातला. परत आल्यावर ते कागद घेऊन माझ्याकडे आले. "कुणाला सांगू नको. पण गोळ्या कुठे मिळतील ते सांग." रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, वर्षभर एकही दिवस चुकवायच्या नव्हत्या. मी त्यांना सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथून दर महिन्याला गोळ्या मिळत होत्या. काम थांबलं नव्हतं. सगळं ठीक चाललं होतं.

"हमीदभाई," मी आवाज खाली आणला, "तुम्ही 'नाही' लिहिलंत तर या विम्यावर गोळ्या मिळणार नाहीत. बाहेरच्या दुकानात त्या किती महाग आहेत ठाऊक आहे ना?"

"रजेवर गेलेली माणसं आणतील गावाकडून. मी बघतो."

"आणि काही झालं तर?"

"दोन वर्षं राहिलीत, बाय. साठ झाले की कंपनी हार घालून पाठवते. आत्ता 'हो' लिहिलं तर पुढच्या महिन्यात पाठवेल, बिनहाराचा." ते हसले. मग हसू विरलं. "इथे चार हजार माणसं माझ्या हातचं जेवतात. गावात मी कोण? रुकय्याचा नवरा, दोन वर्षांनी एकदा येतो तो. मला दोन वर्षं दे."

ते मागत होते त्यातलं माझ्या हातात एवढंच होतं, एक खूण. मी सातव्या प्रश्नापुढे 'नाही'च्या चौकटीत खूण केली. त्यांनी सही केली, खाली मी केली. मग दार उघडलं आणि पुढच्या माणसाला आत घेतलं.

पहिले तीन महिने गोळ्यांची सोय झाली. कुणी ना कुणी रजेवरून येताना बॅगेत चार पाकिटं आणायचा. चौथ्या महिन्यात ज्याच्यावर भरवसा होता त्या चिपळूणच्या ड्रायव्हरची आई गेली आणि त्याची रजा लांबली. हमीदभाईंनी बाहेरच्या दुकानातून एक पाकीट घेतलं. ते संपलं तशी ते दिवसाआड एक गोळी घेऊ लागले. हे मला नंतर कळलं. मी विचारायचे, "गोळ्या चालू आहेत ना?" ते म्हणायचे, "चालू आहेत." विचारताना मी आणि सांगताना ते, दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

एका रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला भात उपसताना ते खाली बसले. कुणीतरी धावत मला बोलवायला आलं. मी पोचले तेव्हा ते भिंतीला टेकून होते, चेहरा राखेसारखा, डावा हात उजव्या हाताने धरलेला, कपाळावर घामाचे थेंब. आजूबाजूला मोठी भगुली, वाफ, पंख्यांचा आवाज. मी त्यांना आडवं केलं, अ‍ॅस्पिरिन चघळायला दिली, रुग्णवाहिका बोलावली. रुग्णवाहिकेची माणसं आली तेव्हा मी काही विचार न करता पहिलं वाक्य बोलले, "यांना स्टेंट आहे, वर्षभराच्या आतला."

बोलून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं. पण तो माणूस नाडी बघत होता आणि दुसरा कागदावर काहीतरी लिहीत होता. गडबडीत कुणाचं लक्ष नव्हतं असं मला वाटलं.

त्या वाक्याने त्यांचा जीव वाचला असं इस्पितळातले डॉक्टर नंतर म्हणाले. जुना स्टेंट गुठळीने बंद झाला होता. वेळ न घालवता त्यांनी तो उघडला, शेजारी दुसरा बसवला. तिसऱ्या दिवशी हमीदभाई उशीला टेकून बसले आणि इस्पितळातल्या भाताला नावं ठेवू लागले.

त्याच दिवशी विमा कंपनीचं पत्र आलं. बिल इतकं मोठं होतं की त्यांनी जुने कागद तपासले होते आणि सरकारी दवाखान्यातली हमीदभाईंची नोंद त्यांना सापडली होती. स्टेंट, तारीख, गोळ्या, सगळं. आजार लपवला म्हणून विमा रद्द. फक्त एक चौकशी बाकी होती, आणि त्यासाठी त्यांचा माणूस येणार होता.

चौकशी कसली ते थॉमस सरांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मला माझं दिसत होतं. सहा महिन्यांपूर्वी उदयची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी गेली होती. त्याचं आणि आमच्या ओवीचं तिथलं राहणं माझ्या व्हिसावर होतं. ओवी चार वर्षांची, नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. खोट्या फॉर्मवर जाणूनबुजून सही केली असं ठरलं असतं तर माझं लायसन्स गेलं असतं आणि महिन्याभरात आम्ही तिघंही देशाबाहेर. उदयला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "विमा तर रद्द झालाच आहे. तू कबूल केलंस म्हणून तो परत चालू होणार आहे का?"

"नाही," मी म्हटलं. त्या 'नाही'ला धरून मी दुसऱ्या दिवशी चौकशीसाठी इस्पितळात गेले.

विमा कंपनीचे चौकशी अधिकारी रेयेस म्हणून होते, फिलिपिन्सचे. बारीक चण, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी हळू. त्यांना इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. हमीदभाईंना इंग्रजी येत नव्हतं. थॉमस सर म्हणाले, "हा हिंदी बोलतो, मी भाषांतर करतो."

"नको," हमीदभाई हिंदीत म्हणाले. "तब्येतीचं मला हिंदीत नीट सांगता येत नाही. मी माझ्या भाषेत बोलतो, सिस्टर सांगेल."

थॉमस सरांनी भुवया उंचावल्या. एकतीस वर्षं हा माणूस दिवसभर हिंदीत ओरडत होता. पण आजारी माणसाशी वाद कोण घालणार? रेयेसनी मान हलवली आणि वही उघडली.

"फॉर्म भरताना तुम्हाला सातवा प्रश्न वाचून दाखवला होता का?"

मी मराठीत विचारलं.

"सांग, दाखवला होता. मी 'नाय' म्हणालो."

मी सांगितलं. रेयेसनी लिहून घेतलं.

"तुमच्या आजाराची नर्सला कल्पना होती का?"

हे मराठीत आणायला मला वेळ लागला. "ते विचारतायत, मला माहीत होतं का."

"नव्हतं."

"हमीदभाई, ऐका…"

"बाय, चेहरा सरळ ठेव. थॉमस तुझ्याकडे बघतोय." त्यांचा स्वर असा होता की जणू छातीत कुठे दुखतं ते सांगतायत. हातही छातीवर ठेवला होता. "तुला ठाऊक नव्हतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. एवढंच इंग्रजीत सांग आणि मोकळी हो. पोरीला शाळेत घातलीस ना आत्ता? मग."

खोलीत तिघं माझ्याकडे बघत होते. मी इंग्रजीत म्हणाले, "ते म्हणतात, नर्सला कल्पना नव्हती. त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं."

माझ्याच तोंडाने मी माझ्याविषयी बोलले, दुसऱ्याच कुणा बाईविषयी बोलावं तशी.

रेयेसनी पान उलटलं. "रुग्णवाहिकेच्या कागदावर एक ओळ आहे. 'सोबतच्या व्यक्तीने सांगितलं, वर्षभराच्या आतला स्टेंट.' ती व्यक्ती कोण?"

मी प्रश्न मराठीत सांगितला, शब्द मागेपुढे झाले तरी सांगितला.

हमीदभाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "मीच बोललो होतो. पडल्या पडल्या. ह्यांनी चुकीचं लिहिलं."

मी तेही भाषांतर केलं. रेयेस माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी जबाब लिहून काढला, मी तो मराठीत वाचून दाखवला, हमीदभाईंनी सही केली. भाषांतर केलं म्हणून खाली माझीही सही घेतली. त्या माणसाच्या सहीशेजारी मी दुसऱ्यांदा सही करत होते.

बाहेर पडताना मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मोकळं वाटलं. विमा जाणारच होता, मी वाचले, त्यात त्यांचं नव्याने काही गेलं नाही. मी स्वतःला हेच सांगत होते.

पुढच्या बुधवारी त्यांचे परतीचे कागद घेऊन मी थॉमस सरांकडे गेले. तब्येतीमुळे कंपनीने त्यांना कामावरून कमी केलं होतं. शनिवारचं विमान होतं. थॉमस सर कागद चाळत होते.

"ग्रॅच्युइटीचा आकडा लिहायचा राहिलाय," मी म्हटलं.

"आकडा नाहीच आता. एकतीस वर्षांची ग्रॅच्युइटी इस्पितळाच्या बिलात गेली. थोडं कमी पडत होतं ते कंपनीने सोडून दिलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला वाईट वाटतं, सिस्टर. पण मी हमीदला जबाबाच्या आदल्या दिवशी नीट समजावलं होतं. म्हटलं, फॉर्म भरताना नर्सला सांगितलं असशील तर आत्ताच बोल. नर्स म्हणजे कंपनी. तिला ठाऊक असून चुकीचं लिहिलं गेलं तर दोष कंपनीचा, मग बिल कंपनी भरेल, तुझा एक पैसा जाणार नाही. आणि सांगितलं नसेल तर सगळं तुझ्या ग्रॅच्युइटीतून. मी दोनदा समजावलं. तो म्हणाला, नाही सांगितलं."

मी खुर्ची ओढून बसले.

"त्यांना हे माहीत होतं?"

"आदल्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता," थॉमस सर म्हणाले. त्यांनी मला आणखी काही विचारलं नाही. कदाचित त्यांनाही ऐकायचं नव्हतं.

गुरुवारी मी सुट्टी टाकून रेयेसच्या ऑफिसात गेले. बसायच्या आधीच सांगून टाकलं. मला ठाऊक होतं. फॉर्म मी जाणून भरला. रुग्णवाहिकेला मी सांगितलं. भाषांतर त्यांनी सांगितलं तेच केलं, पण ते खोटं होतं.

रेयेसनी शांतपणे ऐकलं. पेन उचललं नाही.

"मला त्या दिवशीच वाटलं होतं," ते म्हणाले. "पडलेला माणूस 'वर्षभराच्या आतला स्टेंट' असं बोलत नाही. नर्स बोलते." त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. "फाईल बंद झाली आहे. उघडायची तर तुम्हाला लेखी द्यावं लागेल. मग पहिला प्रश्न येईल की तुम्ही फॉर्मवर खोटं बोललात, जबाबात खोटं बोललात, आता खरं कशावरून? दोन गुन्हे होतात. मी तुम्हाला भीती घालत नाही. माझीही मुलं मनिलात आहेत. शुक्रवार-शनिवार सुट्टी आहे. घरी जा, विचार करा. रविवारी सकाळी आलात तर मी फाईल उघडतो. शब्द देतो."

शनिवारी दुपारी हमीदभाईंना निरोप द्यायला कामगारांच्या इमारतीखाली सगळं स्वयंपाकघर जमलं होतं. हार कुणीतरी आणलाच होता, कंपनीने नाही, भांडी घासणाऱ्यांनी वर्गणी काढून. ते माझ्याजवळ आले तेव्हा मी म्हटलं, "थॉमस सरांनी मला सगळं सांगितलं. मी रेयेसकडे जाऊन आले."

त्यांचा चेहरा बदलला. "सही केलीस काय कुठे?"

"अजून नाही. उद्या जाणार आहे."

"जाऊ नको. दोघांनी कशाला बुडायचं? खोटं माझं होतं. तू काय मला फसवलंस? मी सांगितलं, तू लिहिलंस." मग गाडीत बसता बसता म्हणाले, "पोरीला मराठी शिकव. इथे राहून हिंदीत बोलायला लागतात पोरं."

रविवारी सकाळी मी उठले, ओवीचा डबा भरला, तिला शाळेच्या बसमध्ये बसवलं. साडेसातला दवाखाना उघडला. रेयेसकडे गेले नाही.

सोमवारीही नाही. पुढे कधीच नाही.

दोन महिन्यांनी सरकारने औषधांच्या नव्या किमतींची यादी काढली. सगळ्या दुकानांत एकच भाव. हमीदभाईंची गोळी त्या यादीत होती. किंमत निम्म्याच्या खाली आली होती. मी यादी दवाखान्याच्या भिंतीवर लावली, कारण लावायचा हुकूम होता.

मी तिथे आणखी सात वर्षं काढली. उदयला नोकरी लागली, ओवी मोठी झाली, मग आम्ही कायमचे चिपळूणला आलो. आल्यावर दोन आठवड्यांत मी एकटी म्हसळ्याची एसटी धरली आणि पुढे रिक्षाने त्यांच्या गावी गेले. खाडीच्या काठाला कौलारू घर. पुढच्या पडवीत हमीदभाई लसूण सोलत बसले होते. अर्धे उरले होते, दाढी पांढरी. मला बघून उठताना सुपातला लसूण सांडला.

"रुकय्या! कोण आलं बघ! माझी नर्सबाय आली!"

रुकय्याभाभी पदराला हात पुसत बाहेर आल्या. उंच, सडसडीत बाई. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "तूच ती? तुझ्यामुळे हा माणूस जिवंत आहे म्हणतात." त्यांनी मला सरळ आत नेलं आणि जेवायला बसवलं.

जेवताना कळलं की गेली सहा वर्षं भाभी गावच्या शाळेत पोरांचं दुपारचं जेवण करतात. हमीदभाई त्यांना भात करून देतात. सत्तर मुलांचा. "तिथे चार हजारांचा करायचा, आता सत्तर मुलांचा. तरी मीठ मला विचारून घालतात," भाभी म्हणाल्या. मग सहज, माझ्या ताटात मासा वाढता वाढता बोलल्या, "काय करणार? कंपनी बुडाली ना. एकतीस वर्षांचे पैसे अडकले ते अडकलेच. ते आले असते तर हे मागचं छप्पर तरी नीट केलं असतं. आणि मलाही या वयात चुलीपुढे उभं राहायला लागलं नसतं."

मी घास खाली ठेवला. कंपनी बुडाली नव्हती. दोन आठवड्यांपूर्वी मी तिच्याच दाराने बाहेर पडले होते.

मी हमीदभाईंकडे पाहिलं. ते ताटात बघत होते. त्यांनी मान किंचित हलवली. नको.

मला पुन्हा फक्त गप्प बसायचं होतं. तेवढं केलं की सगळं होतं तसं राहिलं असतं. जेवण, कौतुक, संध्याकाळची एसटी.

"भाभी, कंपनी बुडाली नाही," मी म्हटलं. "ते पैसे इस्पितळाच्या बिलात गेले. ते वाचवता आले असते. ह्यांनी माझं नाव घेतलं असतं तर. ह्यांनी मला वाचवलं आणि मी वाचले. नंतर खरं सांगायला मला तीन दिवस मिळाले होते. मी गेले नाही."

भाभींच्या हातातला डाव तसाच राहिला. त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

"खरं?"

हमीदभाईंनी मान डोलावली.

"आणि मला सात वर्षं सांगताय कंपनी बुडाली."

बाहेर कोंबड्या कलकलत होत्या. भाभींनी माझ्याकडे तोंड वळवलं. मी काहीही ऐकायला तयार होते.

"तुझी मुलगी तेव्हा केवढी होती?"

"चार वर्षांची."

त्यांनी डाव भांड्यात ठेवला. "मग मीही हेच करा म्हटलं असतं," त्या म्हणाल्या, पण मला नव्हे, हमीदभाईंना. "देऊन टाका म्हटलं असतं. पण एक फोन करून मला विचारलं असतंत तर? एकतीस वर्षं काय तुम्ही एकट्याने काढलीत? मी इथे काढली नाहीत? ते पैसे तुमच्या एकट्याचे होते काय, एकट्याने द्यायला?"

"चुकलं," हमीदभाई म्हणाले. इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आलं.

"चुकलंच." भाभींनी डोळ्यांना पदर लावला, मग तो खाली घेतला आणि माझ्या ताटात भात वाढला. "आणि तू. रविवारी गेली नाहीस ते समजलं. पण सात वर्षांत मला एक चिठ्ठी घालायला काय झालं होतं?"

"धीर झाला नाही, भाभी."

"आज झाला ना? मग संध्याकाळच्या एसटीने जायचं नाही. दोन दिवस राहायचं आणि मला सगळं पहिल्यापासून सांगायचं. हे तर काही सांगणार नाहीत."

मी जेवण संपवलं, हात धुतले आणि पडवीत येऊन उदयला फोन केला. म्हटलं, मी आज येत नाही.